राजधानीचं बटण

आमच्या शाळेत माझ्या वेळी शिकून गेलेल्या कुणालाही विचारा, आपल्या देशाबद्दल चार गोष्टी तो छातीठोकपणे सांगेल. राजधानी देशातल्या सगळ्यात उंच डोंगराच्या टोकावर आहे. बर्फ उबदार असतो. नद्या जमिनीच्या वरून वाहतात, म्हणून नदी ओलांडायची तर आधी चढायचं आणि मग उतरायचं. आणि एका भाषेचा मुलूख संपून दुसरीचा सुरू होतो, तिथे जाड दोरी आडवी लावलेली असते.

यातलं काहीही कुठल्या पुस्तकात नाही. हे सगळं आम्ही बोटांनी वाचलेलं आहे. आमची शाळा आंधळ्या मुलांची. मी तिथेच शिकले आणि गेली सतरा वर्षं तिथेच भूगोल शिकवते. त्यामुळे दोष द्यायचाच झाला तर मलाच द्या. पण गोष्ट माझी नाही, टाचणीबाईंची आहे.

टाचणीबाई म्हणजे आमच्या शिवणाच्या बाई. नवरा गेल्यावर सव्विसाव्या वर्षी शाळेत लागल्या. आज सदुसष्ट वर्षांच्या आहेत. कागदोपत्री निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिवणखोलीची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला असते आणि ती मागायची कुणाची छाती नाही. वसतिगृहाच्या चादरी शिवणं, गणवेशाची तुटलेली बटणं लावणं आणि आम्हाला टाके आणि विणकाम शिकवणं, एवढंच त्यांचं काम. तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचं. रागावल्या की मात्र त्या टाचण्या काढून एकेक करून उशीत टोचायच्या. तो बारीक ‘टच’ आवाज डोळस शिक्षकांना कधी ऐकू आला नाही. आम्हाला वर्गाच्या दारातून ऐकू यायचा. पाचपर्यंत गेलं तर ओरडा बसणार, दहाच्या पुढे गेलं तर पळा, असं आमचं गणित होतं.

मी नऊ वर्षांची असताना आम्हाला भूगोलाला एक मास्तर होते. माणूस देवभोळा, गरीब. ते भिंतीवर कागदाचा नकाशा टांगायचे आणि हातातली काठी त्यावर टकटक वाजवत शिकवायचे. “हे बघा, इथे वायव्येला वाळवंट.” टक. “इथे ईशान्येला बर्फाचे डोंगर.” टक. आम्ही सगळे आवाजाच्या दिशेने माना डोलवायचो. मास्तर खूश, आम्हीही खूश. एके दिवशी टाचणीबाई मागच्या बाकावर बसून खिडकीचा पडदा टाचत होत्या आणि मी मास्तरांना विचारलं, “सर, वायव्य म्हणजे दाराच्या बाजूला की नळाच्या?”

वर्ग हसला. मास्तरही हसले. टाचणीबाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तो नकाशा खिळ्यावरून उतरवला आणि काखेत मारून घेऊन गेल्या. मास्तर पुढचे चौदा महिने भिंतीवरच काठी वाजवत होते. आम्हाला तसा फारसा फरक पडला नाही.

चौदा महिन्यांनी शिवणखोलीत एक भलंमोठं टेबल आलं. त्यावर जाड कापडाचा आमचा देश पसरलेला होता, वसतिगृहाच्या दोन पलंगांएवढा.

तो त्यांनी कसा केला ते ऐकण्यासारखं आहे. बाई स्वतः तालुक्याच्या बाहेरसुद्धा कधी गेलेल्या नव्हत्या. पण त्यांचा भाऊ ट्रकवर होता. तो वाळवंटात मीठ भरायला जायचा, समुद्रावर सुकी मासळी आणायला जायचा, डोंगरात सफरचंदं घ्यायला जायचा. बाईंनी त्याला सांगून ठेवलं, “जाशील तिथून काहीतरी हाताला लागेल असं आण.” त्याला वाटलं, बहिणीला वेड लागलं. पण आणायचा बिचारा. वाळवंटातली वाळू पुड्यात बांधून आली, ती गोंदावर पसरली गेली. दलदलीच्या जंगलातलं वाळकं गवत आलं, ते तिथेच उभं शिवलं. मैदानाला गव्हाच्या पोत्याचं तागाचं कापड, चहाच्या उतारांना मखमलीच्या पट्ट्या. समुद्र कुठून आणणार? तो म्हणाला, “लांबून अगदी गुळगुळीत दिसतो.” म्हणून कोटाच्या आतलं अस्तराचं कापड. बर्फ म्हणे वितळला वाटेतच. “कसा असतो रे?” “कापसासारखा.” म्हणून कापूस. नद्यांना जाड लोकर. सात भाषांच्या सात मुलुखांना गाठी मारलेली दोरी. शहरांना शर्टाची बटणं. आणि राजधानीला बाईंच्या नवऱ्याच्या जुन्या ओव्हरकोटाचं सगळ्यात मोठं, फुगीर बटण.

कागदाच्या नकाशाला खाली एका कोपऱ्यात सूची असते. कुठली खूण कशाची, ते तिथे लिहिलेलं असतं. आमच्या मास्तरांच्या नकाशाचा तो कोपरा वाळवीने खाल्लेला होता. बाईंनी जे होतं ते उतरवलं. जे नव्हतं ते नव्हतंच, त्यात त्यांची काय चूक?

नकाशाला हात लावायचा तर आधी नखं दाखवावी लागत. वाढलेलं नख धाग्यात अडकतं. बाई एकेक बोट चिमटीत धरून तपासायच्या आणि म्हणायच्या, “जा, देशात जायला हरकत नाही.” एका वेळी चौघांनाच प्रवेश. उत्तरेकडून दोघं, दक्षिणेकडून दोघं. मध्ये कुठेतरी कोपरं एकमेकांना लागायची आणि भांडणं व्हायची. मी पहिल्यांदा वाळवंटावर तळहात ठेवला तेव्हा मला रडू आलं होतं, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. तोपर्यंत देश म्हणजे पाठ करायच्या शब्दांची यादी होती. त्या दिवशी कळलं, त्याला कडा आहेत.

दर सुट्टीत बाई नकाशा दुरुस्त करायच्या. भाऊ येऊन सांगायचा, अमक्या ठिकाणचं जंगल तोडलं, की बाई कात्री घेऊन तेवढं गवत कमी करायच्या. नवीन धरण झालं की निळा मणी. कुणी विचारलं की मुख्याध्यापक म्हणायचे, “मंत्र्यांना जमलं नाही ते आमच्या शिवणखोलीत चाललंय, देशाची दुरुस्ती.”

आता माझी गोष्ट सांगते, कारण तिथेच गाडं अडतं.

एकविसाव्या वर्षी मला शिक्षिकेच्या शिक्षणक्रमासाठी राजधानीत मुलाखतीला बोलावलं. ऐन उन्हाळ्याचे दिवस. मी स्वतः विणलेला स्वेटर अंगात घातला, शाल घेतली, लोकरीचे मोजे पिशवीत टाकले. बाई तेव्हा भावाकडे गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी तिथेच विचारलं असतं. बसमध्ये माझा जीव उकडून चालला होता, पण मी म्हटलं, घाट लागला की बरं वाटेल. शेवटी शेजारच्या बाईंना विचारलं, “ताई, चढ कधी लागणार?”

“कसला चढ?”

“राजधानीचा.”

“अगं, तिथे कुठला चढ? तव्यासारखं सपाट आहे सगळं. आलंच की आता. आणि तो स्वेटर काढ बाई, बघूनच मला घाम फुटतोय.”

मी स्वेटर काढला. कानापर्यंत लाल झाले असणार. एवढा मोठा फुगवटा, बोटाला लागणारी सगळ्या देशातली सगळ्यात उंच जागा, ती म्हणजे फक्त महत्त्वाचं गाव! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं त्यात काय होतं? हाताला उंच लागतं ते उंच.

सुट्टीत परत आले तेव्हा बाईंनी टाचण्यांमधून विचारलं, “कशी आहे राजधानी?”

“छान आहे,” मी म्हणाले. “स्वेटर उपयोगी पडला.”

का खोटं बोलले? चौदा महिने त्या बाईने सुयांनी बोटांची चाळण करून घेतली होती. त्यांच्या तोंडावर कुठे सांगू, की तुमच्या बटणापायी माझी बसभर शोभा झाली? वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पुढे मी इथेच शिक्षिका झाले आणि दरवर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकायचे, बटण म्हणजे डोंगर नव्हे, शहर. लोकर म्हणजे नदी, ती खाली असते. कापूस म्हणजे बर्फ, तो गार असतो. बाई खोलीत नसताना सांगायचे. काम भागत होतं. माझ्या आधी शिकून गेलेल्यांचं काय, याचा विचार मी करत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मागच्या वर्षी शिक्षण खात्याचं पत्र आलं. दोन माणसं येऊन नकाशा चाचपून गेली. त्यांना तो इतका आवडला, की त्यावरून साचा काढून प्लास्टिकचे नकाशे करायचं ठरलं. देशातल्या आंधळ्या मुलांच्या इतर चौतीस शाळांना एकेक आणि एक आम्हाला. सोमवारी गाडी नकाशा न्यायला येणार होती.

बाईंनी नकाशा झटकला, कडेची शिवण उसवून नवी घातली. तोंडात टाचण्या असूनही त्या गुणगुणत होत्या. एकतीस वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. मला मात्र ते ऐकवेना. या शाळेत चूक झाली तर तोंडाने सावरायला मी होते. चौतीस शाळांत कोण असणार होतं? तिथली पोरं माझ्यासारखीच स्वेटर घालून निघणार. आणि साचा एकदा झाला की झाला, त्यात टाका उसवता येत नाही.

मी बुधवारी मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “जाऊ द्या हो. म्हातारीचं कौतुक होतंय, होऊ द्या.” खरं सांगते, मला क्षणभर बरंच वाटलं. मग स्वतःचीच किळस आली.

गुरुवारी सकाळी मी शिवणखोलीत गेले, टेबलाजवळ उभी राहिले आणि राजधानीवर बोट ठेवलं.

“बाई, हे काय आहे?”

“राजधानी. डोकं ठिकाणावर आहे ना?”

“मला एकविसाव्या वर्षापर्यंत हा डोंगर वाटायचा.”

मग मी सगळं सांगितलं. बस, शेजारच्या ताई, स्वेटर, सगळं. बोलत असतानाच ऐकू आलं. टच. टच. टच. मी मोजत होते. अकरा झाल्या. बारावी जरा थांबून. पळायचं वय राहिलं नव्हतं.

“किती वर्षं झाली याला?” आवाज पूर्ण ओठांनी आला, तेव्हाच मी घाबरले.

“एकोणीस.”

“आणि एकोणीस वर्षं तू गप्प?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“मला वाईट वाटेल म्हणून! मी काय साखरेची आहे, विरघळायला? अगं, चूक माझी होती, दुरुस्त करायचा हक्क पण माझाच होता. तो तू परस्पर खाऊन टाकलास. दर सुट्टीत मी या नकाशावर वाकून बसते. कुठे धागा सैल आहे, कुठे मणी हललाय. मी खुळी धागे बघत होते आणि देश चुकला होता!”

मी राजधानीवरचं बोट काढून घेतलं.

“नऊ वर्षांची होतीस तेव्हा भर वर्गात विचारलंस, वायव्य कुठे म्हणून. त्या एका प्रश्नावर हा सगळा पसारा उभा राहिला. मोठी होऊन काय झालं तुला? वाचा बसली?”

 

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “आणखी काय काय चुकलंय?” त्यांनी विचारलं. “बस. सगळं सांग. आणि तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचे नंबर असतील ना? लाव फोन.”

दुपारपर्यंत आम्ही सतरा जणांना फोन लावले. कुणी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे, कुणी मालीश करतो, कुणी खुर्च्यांना वेत विणतो. बाई प्रत्येकाला एकच विचारायच्या, “नकाशावरून तुला काय वाटलं होतं आणि निघालं काय?” आधी सगळे माझ्यासारखेच. “छे छे बाई, नकाशा उत्तम होता.” मग बाई म्हणायच्या, “लाडीगोडी नको. खरं बोल.” की बांध फुटायचा.

एक जण दहा वर्षं मित्रांशी पैज लावत होता की राजधानीत श्वास घ्यायला त्रास होतो. एकीने थंडीत सहलीला गेल्यावर बर्फात हात घातला, उबेसाठी. एक मुलगी लग्न होऊन समुद्राकाठी गेली होती. ती म्हणाली, “बाई, मला वाटलं होतं समुद्र अस्तरासारखा असेल, हात फिरवावा असा. पहिल्याच लाटेने मला आडवी पाडली. सासू म्हणाली, ही कुठून आणली!” बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. वेत विणणारा मात्र गंभीरपणे म्हणाला, “बाई, मी बसमध्ये दोरीची वाट बघत बसलो होतो. म्हटलं, भाषा बदलते तिथे धक्का बसेल. धक्का बसलाच नाही. एका स्टॉपवर एक जण वेगळं बोलणारा चढला, पुढच्या स्टॉपवर चार. मग बराच वेळ दोन्ही चालू होतं. तिकीटवाला तर एका वाक्यात दोन्ही बोलायचा. दोरी कुठे लावायची ते मला अजून कळलेलं नाही.”

बाईंनी रिसीव्हर ठेवला. “बघ,” त्या म्हणाल्या, “ट्रकवाल्या भावाला हे कसं कळणार? तो एकटाच बसायचा केबिनमध्ये.”

शुक्रवार, शनिवार, रविवार शिवणखोली बंद. मी आणि बाई आत. लोकर उसवून कापडाला खोल चूण घातली, नद्या खाली गेल्या. समुद्राच्या अस्तराला काठाशी चुण्या पाडल्या, लाटा आल्या. भाषांच्या दोऱ्या काढून टाकल्या आणि दोन्हीकडचं कापड वीतभर एकमेकांत विणलं. कोण कुठे संपतं ते आता बोटाला नेमकं सांगता येत नाही, आणि येऊ नये. राजधानीच्या बटणावर मात्र बाईंचा हात अडला. नवऱ्याच्या कोटाचं ते शेवटचं बटण होतं. मी म्हणाले, राहू द्या, सूचीत खुलासा करू. त्या म्हणाल्या, “फुगीर आहे ते फुगीरच लागणार.” कात्रीचा आवाज आला. त्या जागी त्यांनी चपटं चौकोनी बटण लावलं. ओव्हरकोटाचं बटण त्यांनी कुठे ठेवलं ते मी तेव्हा विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या, असं मला अजूनही वाटतं.

मग राहिली सूची. बोटाने वाचायची अक्षरं बाईंना येत नाहीत. सुयांनी त्यांच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली आहेत की ठिपके लागतच नाहीत. मी ठिपके कुठे ते दाखवायचे, त्या तिथे मणी शिवायच्या. चौकोनी बटण, शहर. चूण, नदी. कापूस, बर्फ, कंसात ‘गार असतो’. तेवढं बाईंनी हट्टाने घालायला लावलं.

सोमवारी गाडी आली तेव्हा शेवटचे सहा मणी बाकी होते. गाडीबरोबरचा माणूस म्हणाला, “आजी, उशीर होतोय.” बाईंच्या तोंडात पुन्हा टाचण्या आल्या होत्या. त्यातून त्या म्हणाल्या, “तो एकतीस वर्षं होतोय. बसा.” तो बसला.

चार महिन्यांनी आमचा प्लास्टिकचा नकाशा आला. आठ दिवस लावून मी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचला. नद्या खाली होत्या, समुद्राला लाटा होत्या, राजधानी सपाट होती. खाली सूची जशीच्या तशी. मग परत वर येताना मैदानाच्या एका कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं. अगदी बारीक, तिळाएवढं. शहर नाही, धरण नाही. सूचीत पुन्हा पाहिलं, तिथे असं काहीच नव्हतं. धाग्याची गाठ राहिली असणार. बाईंची नजर आता पहिल्यासारखी नाही, घाईत सुटली असेल. आणि आता सगळ्या नकाशांत ती गेलीच. सांगून काय उपयोग, उगाच त्यांच्या जिवाला लागेल. मी हात काढून घेतला.

दारापर्यंत गेले. तिथे माझी मलाच चपराक बसली. परत फिरले.

“बाई, मैदानात ही गाठ कसली? चुकून राहिली का?”

“आठ दिवस झाले नकाशा येऊन,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, विचारतेस की पुन्हा एकोणीस वर्षं लावतेस.”

“म्हणजे मुद्दाम आहे?”

“ते आपलं गाव. कुठल्याच नकाशात नसतं.”

“पण सूचीत नाही. पोरांना कळणार कसं?”

“विचारतील की,” बाई म्हणाल्या.

आतापर्यंत अकरा शाळांमधून फोन आले आहेत. तेवीस शाळा अजून गप्प आहेत. फोन वाजला की बाई तोंडातल्या टाचण्या काढून तयार होतात.